विहिरीच्या कठड्यावरची खूण : गावासाठी शाश्वत विकासाचे निर्देशक कसे निवडावेत?

गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका ग्रामपंचायतीच्या सदस्य ताईंनी प्रश्न विचारलाय. थोडक्यात असा: "ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी शाश्वत विकासाचे निर्देशक ठरवायचे आहेत. वरून आलेल्या यादीत शेकडो आहेत. आम्हाला खरी काळजी पाण्याची, मासळीची आणि खाजणातल्या (खाडीलगत बांध घालून राखलेल्या जमिनीतल्या) शेतीची, पण ती मोजायची कशी हे कुणी सांगत नाही. किती निर्देशक घ्यावेत, कसे निवडावेत, आणि गावाने स्वतःचे बनवले तर चालतात का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालतात. किंबहुना गावाने स्वतःचे चार-सहा निर्देशक, म्हणजे बदल दाखवणारी मोजमापं, बनवल्याशिवाय त्या मोठ्या यादीचाही तुम्हाला फारसा उपयोग होणार नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडात हे काम मी बावीस वर्षं करतोय. सुरुवातीच्या एका गावात मी चौसष्ट निर्देशकांची वही करून दिली होती. पहिल्या वर्षी सगळे रकाने भरले, दुसऱ्या वर्षी जेमतेम वीस, आणि तिसऱ्या वर्षी वही कपाटातून बाहेरच निघाली नाही. चूक माझी होती. जे मोजता येईल ते सगळं मी त्यात घातलं होतं. ते मोजून गाव काय ठरवणार आहे, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. गावाची दोन वर्षं त्यात गेली, याची खंत मला आजही आहे.

तेव्हापासून कुठलाही निर्देशक समोर आला की मी एकच विचारतो: हा आकडा बदलला तर कोण, कधी, काय वेगळं करणार? याचं नेमकं उत्तर मिळालं नाही तर तो निर्देशक दिसायला कितीही चांगला असो, मी बाजूला ठेवतो.

आता पाण्याचंच घ्या. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत मार्च महिन्यात विहिरीवर बसलो होतो. एक आजी पाणी काढत होत्या. त्यांच्या पोहऱ्याचा दोर दोन तुकड्यांचा होता, वरचा जुना काथ्याचा आणि खाली गाठ मारून जोडलेला निळा नायलॉनचा. विचारलं तर म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी एप्रिलात दोर पुरेना, म्हणून हा निळा जोडला. तेव्हा पाडवा उलटल्यावर गाठ कठड्याखाली जायची. यंदा होळीलाच गेली." गाठीपर्यंतचा दोर खाली सोडावा लागतो ती तारीख, हा त्या वाडीचा निर्देशक. तो त्या आजी चार वर्षं डोक्यात ठेवत होत्या. त्याच गावाच्या आराखड्यात पाण्याच्या रकान्यासमोर 'सरासरी वार्षिक पर्जन्यमान' लिहिलेलं होतं.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. यात विसंगती काही नाही. आपला जांभा खडक सच्छिद्र. पडलेलं पाणी तो पटकन आत घेतो, खालच्या चिकण थरापर्यंत नेतो आणि उताराला झऱ्यांवाटे सोडून देतो. दिवाळीपर्यंत वाहणारा पऱ्ह्या (छोटा ओढा) माघात आटतो. म्हणून किती पाऊस पडला यापेक्षा किती पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकलं, हे आपण मोजलं पाहिजे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चारदा घेते. ते काम मोलाचं आहे, पण अशा विहिरी तालुक्यात मोजक्याच असतात. कोकणात एका वाडीची विहीर भरलेली आणि कातळाच्या पलीकडच्या वाडीची कोरडी, हे नेहमीचं आहे. तिथे तुमची स्वतःची विहीरच मोजावी लागते.

आजींच्या दोराचा निर्देशक करताना काय काय करावं लागलं ते सांगतो, कारण खरी मेहनत तिथेच आहे. दोर प्रत्येकीचा वेगळा आणि पोहरा टाकायची जागाही वेगळी. म्हणून कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने खूण केली. त्या खुणेपासून पाण्यापर्यंत वजन बांधलेली टेप सोडायची आणि सेंटीमीटर लिहायचे. पहिल्या वर्षी माप कधी सकाळी, कधी संध्याकाळी घेतलं गेलं आणि आकडे वेड्यासारखे वरखाली झाले. शेजारच्या बागेतला पंप रात्री चालायचा, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. मग नियम केला: महिन्याची १ आणि १५ तारीख, पहिली घागर भरायच्या आत, आदल्या रात्री पंप बंद. शेजारच्या रकान्यात महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा त्या वर्षीचा पाऊस लिहायचा. कमी पावसाच्या वर्षी पाणी खाली जाणारच. पाऊस नेहमीइतका असूनही पाणी लवकर खाली गेलं, तर उपसा वाढलाय किंवा वर सड्यावर (कातळाच्या पठारावर) काहीतरी बदललंय, चिरेखाण तरी किंवा नवी बोअर तरी.

यात १५ जानेवारीचं माप मी मुद्दाम महत्त्वाचं धरतो. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. मागच्या वर्षांपेक्षा पातळी हातभर खाली असेल तर पंपांच्या वेळा ठरवणं, टंचाई आराखड्यात वाडीचं नाव वेळेत घालणं, सार्वजनिक विहिरीतला गाळ काढायचा दिवस ठरवणं, हे सगळं त्या सभेत होऊ शकतं. तोच आकडा मे महिन्यात कळला तर टँकर मागण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

तुमचं गाव खाडीकाठचं, म्हणून खारटपणाही मोजा. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं खिशातलं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं जातं. पण तुमच्यासाठी त्या मर्यादेपेक्षा आकड्याची चाल महत्त्वाची. एकाच विहिरीचा आकडा दर एप्रिलमध्ये चढत असेल तर खाडीचं पाणी आत सरकतंय असं समजा आणि उपसा आवरा. मर्यादा ओलांडायची वाट पाहू नका.

आता फसव्या आकड्यांबद्दल. कोकणात ते जास्त आहेत असं माझं मत आहे.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १,०३६. हे आकडे कागदावर पाहणाऱ्याला वाटेल की स्त्री-पुरुष समानतेत हे जिल्हे राज्याच्या पुढे. आपल्याला कारण माहीत आहे, माणसं मुंबईला. लहान मुलांचं प्रमाण वेगळं काढलं की ते हजाराच्या खालीच येतं. याच दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली. म्हणून 'लिंग गुणोत्तर' हा निर्देशक तुमच्या गावात नुसता घेतला तर तो स्थलांतर मोजेल आणि नाव समानतेचं लावेल. स्थलांतरच मोजायचं असेल तर सरळ बारमाही उघडी घरं मोजा. गणपती आणि शिमगा सोडून, म्हणजे समजा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, वाडीवार किती घरांत चूल पेटते? एका दुपारचं काम आहे. शाळेचा पट, बांध घालायला मिळणारी माणसं, पालखी उचलणारे खांदे, सगळं त्या आकड्याला बांधलेलं आहे.

नळाचंही तसंच. 'नळजोडणी असलेली घरं' हा निर्देशक शंभर टक्के दाखवू शकतो आणि मे महिन्यात नळाला वाराच येऊ शकतो. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. जोडणी मोजताय तर तिच्या जोडीला १ ते ३१ मे या काळात किती दिवस पाणी आलं, हेही मोजा. हा जोडीचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. एकटा निर्देशक जिथे खोटं बोलू शकतो तिथे त्याला साक्षीदार द्यायचा.

सगळ्यात चांगला धडा मला खारफुटीने दिला. कांदळवन वाढलं म्हणजे पर्यावरण सुधारलं, असं कुठल्याही यादीत दिसेल आणि सहसा ते खरंही असतं. लाटांपासून आणि वादळापासून काठ राखणारी, माशांच्या पिल्लांना आसरा देणारी ती झाडं. पण रायगडच्या खारेपाटात मी असे पट्टे पाहिलेत जिथे कांदळवन वाढलं ते बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, फुटल्यामुळे. बांधाला खांड (भगदाड) पडली, वेळेत बुजवली नाही, भरतीचं पाणी भाताच्या खाचरात येऊ लागलं आणि चार-पाच वर्षांत तिथे तिवरं (खारफुटीची झाडं) उभी राहिली. कांदळवन तोडायला २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी आहे आणि ती बंदी योग्यच आहे. मात्र त्या शेतकऱ्याची जमीन कायमची गेली. उपग्रहाच्या चित्रात हिरवं वाढलेलं दिसतं आणि गावात भाताची कोठारं रिकामी होतात.

म्हणून तुमच्या खाजणासाठी क्षेत्र दोन रकान्यांत लिहा: बांधाच्या बाहेरचं कांदळवन आणि बांधाच्या आतलं. बाहेरचं वाढलं तर आनंद माना. आत एक जरी रोप दिसलं तरी त्याच आठवड्यात बांधावर चालत जा. सोबत खरिपात प्रत्यक्ष लावणी झालेलं खाजण किती गुंठे, आणि पावसाळ्याआधी उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप नीट बसते का, एवढं लिहा. एकच झाड, बांधाच्या कुठल्या बाजूला आहे यावर त्याचा अर्थ उलटा होतो. हे बारकावे बाहेरून आलेल्या यादीत सापडणार नाहीत, ते तुमच्याच माणसांना माहीत असतात.

मासळीकडे येतो. इथे सर्वांत जास्त वाद होतात, आणि व्हायला हवेत. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या २०२२ च्या अहवालात देशाच्या वेगवेगळ्या भागांतले १३५ मत्स्यसाठे तपासले आणि त्यातले ९१.१ टक्के सुस्थितीत असल्याचं म्हटलं. हे तुमच्या बंदरावरच्या छोट्या होडीवाल्याला सांगून पाहा. तो म्हणेल, मग माझी डाल रिकामी का? दोघंही खरं सांगतायत. संस्थेने पूर्ण प्रदेशाचा साठा पाहिला. होडीवाला जातो त्या पाण्यात मोठ्या नौका येऊन गेल्या असतील, प्रकाशझोतातली मासेमारी झाली असेल, किंवा खाडीचं तोंड गाळाने भरलं असेल. वरच्या पातळीवर खरा असलेला आकडा खाली उतरवला की तो आपोआप गावाचा होत नाही.

बंदरावर किती टन मासळी उतरली, हा माझ्या मते गावासाठी सर्वांत निरुपयोगी निर्देशक आहे. इंजिनं मोठी झाली, जाळी वाढली, फेऱ्या लांबल्या की टन वाढतात आणि समुद्र रिकामा होत असतानाही वाढतात. त्यापेक्षा एका फेरीत किती लिटर डिझेल जळलं आणि किती किलो मासळी आली, हे लिहा. डिझेल जितकं जास्त, तितकं मासे शोधायला लांब जावं लागलं. नौकामालक तो हिशेब ठेवतातच, कारण तेल वजा केल्याशिवाय खलाशांचे वाटे निघत नाहीत. मालवणकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या संघांतही वाट्यांमुळे ओढीचा हिशेब राहतो. असा आयता हिशेब हातात असताना नवीन वही कशाला काढायची? पाच-सहा नौका ठरवा, नावं उघड होणार नाहीत असा शब्द द्या आणि ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवसाची नोंद घ्या. जून-जुलै बंदीकाळ, तेव्हा नोंद नाही.

याला साक्षीदार म्हणून मासळीची लांबी घ्या. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी पकडता येणारी किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. लिलावाच्या वेळी बांगडा किंवा सुरमई, तुमच्याकडे जे मुख्य असेल त्याचे सहज हाती येतील ते तीस मासे मोजपट्टीवर ठेवायचे आणि किती त्या लांबीपेक्षा लहान निघाले ते लिहायचं. मासळी विकणाऱ्या बायका हे काम सर्वांत चोख करतात. त्यांचा हात रोज त्याच मासळीतून फिरतो, आणि आकार घटला की भाव घटतो हे त्यांच्याइतकं कुणालाच जाणवत नाही. अशा नोंदी दोन-तीन हंगाम राहिल्या की मच्छीमार सोसायटीत जाळ्याच्या आसाच्या (भोकाच्या) मापावर बोलणं होऊ शकतं. नुसत्या आरोपांवर ते कधी पुढे जात नाही.

गावाचे निर्देशक शोधायचे कसे, तर ग्रामसभेआधी वाडीवार बसा. बायकांची बैठक वेगळी घ्या, मच्छीमारांची वेगळी. 'निर्देशक' हा शब्द काढूच नका. विचारा: पाच वर्षांत काय कमी झालं, काय वाढलं, आणि ते तुम्हाला कशावरून कळतं? या 'कशावरून'च्या उत्तरात निर्देशक असतात. मला आजवर मिळालेली उत्तरं सांगतो: तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढायला आता दोन ओहोट्या लागतात, पहिल्या पावसात चढणीचे (ओढ्यातून वर चढणारे) मासे येत नाहीत, आंब्याला पूर्वीपेक्षा जास्त फवारण्या कराव्या लागतात, काजवे दिसत नाहीत, गुरं नाहीत म्हणून शेणखत विकत आणावं लागतं.

यातलं प्रत्येक उत्तर खरं आहे, पण प्रत्येकाचा निर्देशक होत नाही. काजव्यांचा होत नाही. ते किती दिसले हे रात्र, ढग आणि बघणारा यांवर ठरतं, दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत. चढणीच्या माशांचा अर्धा होतो: ठरावीक पऱ्ह्यावर पहिल्या आठवड्यात आले की नाही, एवढं हो-नाही लिहिता येतं. तिसऱ्यांचा छान होतो, कारण एका ओहोटीत एका बाईने किती पायल्या काढल्या हे मोजता येतं आणि पुढच्या वर्षी तसंच पुन्हा मोजता येतं. फवारण्यांचा तर उत्तमच. एका हंगामात एका बागेत किती फवारण्या झाल्या आणि त्यांचा खर्च वजा जाता हाती काय आलं, हे दोन आकडे नुसत्या उत्पादनापेक्षा बागेबद्दल कितीतरी जास्त सांगतात. किती पेट्या गेल्या याने बाग टिकते का ते कळत नाही.

आता शासनाच्या यादीबद्दल थोडं. १९९२ च्या रिओ परिषदेत ठरलेल्या अजेंडा २१ च्या चाळिसाव्या प्रकरणात निर्देशकांची गरज मांडली गेली. आज संयुक्त राष्ट्रांची १७ ध्येयं आणि १६९ लक्ष्यं आहेत, आणि पंचायतींसाठी केंद्राने त्यांच्या ९ संकल्पना केल्यात. पंचायत प्रगती निर्देशांकाच्या पहिल्या आवृत्तीत ४३५ स्थानिक निर्देशक होते. त्या यादीतले रकाने भरावेच लागतात आणि भरा. लसीकरण, शाळा, शौचालयं यांची शेजारच्या गावाशी तुलना तिथूनच होते. त्यातले जे तुमच्या प्रश्नांशी जुळतात ते तसेच उचला, नवीन नाव देत बसू नका.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. गावाच्या स्वतःच्या निर्देशकांची बेरीज करून एकच गुण काढू नका. काँक्रीटच्या पाखाडीला (पायवाटेला) मिळालेले दहा गुण आणि खारट झालेल्या विहिरीचे शून्य यांची सरासरी पाच येते आणि पाच म्हणजे बरं वाटतं. पाखाडी पुढच्या वर्षी करता येते, विहीर गोडी करता येत नाही. जे पैशांनी भरून येत नाही ते दुसऱ्या कशाच्या गुणांत मिसळू देऊ नका. प्रत्येक निर्देशक आपापल्या ओळीत उभा राहू दे.

किती घ्यावेत? सात-आठ. नऊच्या पुढे गेलात तर कुठलातरी एक गळणार, आणि गळतो तो नेहमी सर्वांत कष्टाचा, म्हणजे बहुधा सर्वांत कामाचा. तुमच्या पत्रावरून मला वाटतं की दोन विहिरींची पातळी, एका विहिरीचा खारटपणा, मेमधले नळाचे दिवस, खाजणाचे दोन रकाने, डिझेल आणि मासळी, मोजपट्टीवरचे मासे आणि बारमाही उघडी घरं एवढं पहिल्या वर्षी पुरे. आंबा पुढच्या वर्षी घ्या, त्यासाठी बागायतदारांचा विश्वास आधी मिळवावा लागेल.

मोजणार कोण, हे निर्देशक ठरवतानाच ठरवा. शाळेच्या मुलांना द्यावंसं वाटतं आणि ती उत्साहाने करतातही, पण मे महिन्यात शाळा बंद असते आणि विहिरीचं माप मे महिन्यातही चुकवून चालत नाही. बचत गटातल्या दोघींना द्या, एक गेली तर दुसरी असेल अशा. त्यांना ग्रामपंचायतीच्या निधीतून मानधन द्या. थोडं असलं तरी द्या, कारण फुकटचं माप दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. आकडे मोठ्या अक्षरांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा आणि १ मेच्या ग्रामसभेत वाचा. तेव्हा चाकरमानी गावात असतात, आणि बांधाला किंवा विहिरीला पैसे उभे करायचे झाले तर तेही समोर असतात.

पाऊस संपलाय, त्यामुळे वेळ अगदी योग्य आहे. या आठवड्यात वरच्या वाडीतली एक आणि खाडीकडची एक अशा दोन विहिरी निवडा. ज्यांवर खरोखर पाणी भरलं जातं अशाच घ्या, बंद पडलेल्या नकोत. कठड्यावर खूण करा, खुणेशेजारी तारीख लिहा आणि १ नोव्हेंबरला पहिली घागर भरायच्या आत टेप सोडा. जानेवारीपर्यंतची सहा मापं मला पाठवा, म्हणजे २६ तारखेच्या सभेत काय मांडायचं ते आपण मिळून ठरवू.